लाँड्रीमागची रांग

डॅलसजवळच्या अर्विंगहून निघाले त्या सकाळी विमानतळावर बूट काढून ट्रेमध्ये ठेवत होते, तेवढ्यात वसईहून पप्पांचा फोन आला.

"सुकेळी घेतलीस ना?"

"घेतली, पप्पा."

"मग तिला घेऊनच ये."

सुकेळी म्हणजे आमच्याकडची राजेळी केळी, सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची. माझ्या टीममधला एकजण सुट्टीवरून परत येताना पप्पांनी ती त्याच्या हाती पाठवली होती. आणि 'ती' म्हणजे पप्पांची थोरली बहीण, माझी फिलू आत्या. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती सिस्टर होऊन अमेरिकेला गेली. घरी आली ती एकदाच, आजी वारली तेव्हा.

आत्याचं कॉन्व्हेंट पेनसिल्व्हेनियात, एका जुन्या कोंबड्यांच्या फार्मवर. आता तिथे चारच सिस्टर उरल्या होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. ते बंद करायचं की नाही, यावर शनिवारी मत पडणार होतं. बंद झालं तर तिघीजणी जवळच्या मोठ्या कॉन्व्हेंटच्या नर्सिंग विंगमध्ये जाणार आणि आत्या वसईला येणार, असं पप्पांनी ठरवून टाकलं होतं. खालच्या खोलीला रंग दिला होता, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला होता. कागदपत्रांचं मी बघितलं होतं. अडचण एकच. त्यांच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचा होकार लागतो, एकीनेही नाही म्हटलं तर विषय संपला. याआधी दोनदा मत घेतलं होतं आणि दोन्ही वेळा एक नकार निघाला. तो कोणाचा हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना आत्याचाच संशय होता. मला पाठवलं होतं तिचं मन वळवायला.

माझी निवड का झाली तेही सांगते. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, तसं इथेही सांगते. पप्पा केळी आणि मोगरा लावतात, त्यांचे वडील पानवेली लावत. आमच्या ओटीवर आत्याचा एक फोटो आहे, पांढऱ्या झग्यात, मोठ्या दगडी शाळेसमोर, भोवती गोऱ्या मुली. "आत्या अमेरिकेत शिकवते," असं आम्हाला सांगितलेलं. त्या फोटोखाली बसून मी दहावी केली, बी.एस्सी. केलं, एम.सी.ए. केलं. कंटाळून पुस्तक मिटलं की आई नुसती त्या फोटोकडे मान करायची.

पहिला मुक्काम स्टेट कॉलेजला, नेहाकडे. नेहा नागपूरची, युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करते, तिघींत एक अपार्टमेंट शेअर करते. तिची माझी ओळख डॅलसच्या मराठी मंडळातली. नोव्हेंबर संपत आला होता. झाडांवर एक पान नव्हतं, आणि कॅम्पसच्या बसमधून दिसणारं सगळं गाव राखेत बुडवून काढल्यासारखं होतं. तिने वरणफळं केली होती. डाळ मुंगाची, कारण तुरीची डाळ आणायला तिला फार लांब ड्राइव्ह करावं लागतं.

"कॅथलिक लोक मराठी असतात हे मला इथे येऊन कळलं यार," ती म्हणाली.

"नागपूरचे लोक गप्प बसू शकतात हे मला अजून कळायचंय."

"सॉरी, सॉरी. पण सांग ना, आत्या तिकडे खूश असेल तर तू तिला कशाला नेतेस?"

"खूश असायला तिथे आहे काय? छप्पर गळतं. बॉयलर बंद पडतो. एकीला ऑक्सिजन लावलाय."

"तिला विचारलंस?"

मी म्हटलं, वरणफळं छान झालीत. झाली नव्हती.

सकाळी भाड्याची गाडी घेऊन निघाले. आत्याकडे जाण्याआधी मला मोठं कॉन्व्हेंट बघायचं होतं. आत्या अमेरिकेत पहिल्यांदा आली ती तिथेच. फोटोतली दगडी शाळा तिथली. आत्या ज्या वर्गात शिकवायची त्या वर्गाचा फोटो काढून पप्पांना पाठवायचा, असं माझ्या मनात होतं. रस्ता डोंगरांच्या कुशीतून जातो. कडेला मेलेली हरणं पडलेली, कोणाच्या तरी गाडीखाली आलेली. पहिलं दिसलं तेव्हा मी गाडी हळू केली. नंतर केली नाही.

मोठं कॉन्व्हेंट टेकडीवर आहे. शाळा केव्हाच बंद पडली. अर्ध्या इमारतीत नर्सिंग विंग, अर्ध्यात छोटंसं म्युझियम. मागच्या बाजूला पार्किंग होतं, तिथे गाडी लावली. मला भेटायला सिस्टर डेनिस आल्या. त्या तिथल्या कारभार बघणाऱ्या, साठीच्या आसपासच्या, झगा नाही, राखाडी स्वेटर आणि गळ्यात क्रूस. बोलायला मोकळ्या.

म्युझियमच्या भिंतीवर आत्याच्या संघाचीही पाटी होती. त्यावर लिहिलेलं असं की शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या मदर कॉर्नेलिया यांना प्रार्थनेत साधेपणाची हाक ऐकू आली, आणि चार भगिनींना घेऊन त्या अधिक कठोर जीवन जगायला बाहेर पडल्या. बिशपांनी त्यांना एक फार्म दिलं. बस, एवढंच. वाचायला चांगलं वाटतं.

मी विचारलं, "माझी आत्या कुठल्या वर्गाला शिकवायची? सिस्टर फिलोमिना. त्या चारांतली एक."

"मी इथे बोर्डर होते लहानपणी," त्या म्हणाल्या. "फिलोमिना आठवते मला. ती खाली होती."

"खाली म्हणजे?"

"लाँड्रीत."

मग त्यांनी मला खाली नेलं. तळघरात अजून ते यंत्र ठेवलंय. दोन प्रचंड तापणारे रोलर, त्यांच्यामधून ओल्या चादरी घालायच्या. बाजूला सिमेंटच्या टाक्या. छत इतकं खाली की मी हात वर केला तर लागला. डेनिसबाईंनी समजावून सांगितलं. तेव्हा सिस्टर दोन प्रकारच्या असत. शिकलेल्या, घरून हुंडा घेऊन आलेल्या, त्या वर शिकवायच्या, चर्चमध्ये पुढे बसून गायच्या. बाकीच्या खाली, स्वयंपाकघरात आणि लाँड्रीत. त्यांचं जेवणाचं टेबल वेगळं, बाक मागचे, डोक्यावरचं वस्त्रही वेगळं. हा भेद रोमने काढून टाकला होता म्हणे.

"कागदावरून गेला," त्या म्हणाल्या. "जेवणघरातून जायला वेळ लागला."

जिन्याशी एक फोटो टांगलेला होता. आमच्या ओटीवरचा. तोच झगा, त्याच मुली, आत्याचा तोच जरा घाबरलेला चेहरा. खाली छापलं होतं: आमच्या विद्यार्थिनी, एका मदतनीस भगिनीसह.

मी त्याचा फोटो काढला नाही.

डेनिसबाई चांगल्या होत्या, म्हणून मी आणखी एक विचारलं. या खालच्या सिस्टर वारल्या की त्यांना कुठे पुरत? वर चर्चजवळ मोठ्या क्रूसाभोवती थडग्यांच्या रांगा मला दिसल्या होत्या. तिथली नावं मी वाचली होती, नावांपुढे पदव्यासुद्धा होत्या.

"लाँड्रीच्या मागे, कुंपणाशी. वेगळी जागा होती. नर्सिंग विंग सुरू केलं तेव्हा गाड्यांना जागा लागली. दगड काढले. भिंतीवर एक पाटी आहे. आम्हाला त्याचा अभिमान नाही."

"आणि त्या?"

"त्या तिथेच आहेत."

मी बाहेर आले. पाटी होती, कचऱ्याच्या डब्यांच्या वर, हाताएवढी. माझी गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध नीट उभी होती. मी आत बसले आणि बराच वेळ इंजिन चालू केलं नाही. मग रिव्हर्स घेतली. दुसरं काय करणार, गाडी उचलून तर नेता येत नव्हती.

पुढच्या रस्त्यावर एकच विचार होता. आत्याचा छोटा मठ बंद झाला की जमीन विकली जाणार, आणि तिथली थडगी उकरून याच मोठ्या कॉन्व्हेंटात आणणार, असं ठरलं होतं. इथे काय झालंय हे आत्याला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल आणि मी सांगितलं, तर ती कधीच हो म्हणणार नाही. पप्पांनी रंगवलेली खोली रिकामी राहील. मी ठरवलं, सांगायचं नाही. आमच्याकडचा प्रश्न जिवंत माणसाचा आहे, असं मी स्वतःला समजावलं. गाडीत एकटीच होते, पण मोठ्याने बोलून समजावलं.

फार्म दरीत आहे. लांबलचक कोंबड्यांची शेड, तिचंच एक टोक चर्च, दुसरं टोक झोपायच्या खोल्या, मध्ये स्वयंपाकघर. आत शिरलं की ओल्या लाकडाचा वास, आणि थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त. आत्या दारातच उभी होती. फोटोतल्यापेक्षा निम्मी झालेली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला तेव्हा मला तिचे हात कळले. बोटं अर्धवट वाकलेली, मिटत नाहीत, उघडत नाहीत. मनगटापासून वर कातडी जागोजागी चकाकणारी, जुन्या भाजण्याची.

"पास्कूची पोर," ती म्हणाली. "नाक बघा कसं बयोचं घेतलंय." पास्कू म्हणजे पप्पा, बयो म्हणजे माझी आजी. आत्याचं मराठी तिने घर सोडलं तिथेच थांबलंय. मध्येच शब्द अडतो, मग ती इंग्रजीला हात घालते आणि तेही नाही सापडलं की हसते.

बाकीच्या तिघी भेटल्या. सिस्टर मार्था सगळ्यांच्या प्रमुख, उंच, काठी घेऊन चालणाऱ्या. सिस्टर जोन खुर्चीत, नाकात ऑक्सिजनची नळी, पायाशी घरघरणारं मशीन. सिस्टर बेथ ऐकू न येणाऱ्या, पण सगळ्यांत आनंदी. मार्था, जोन आणि आत्या त्या पहिल्या पाचांतल्या. बेथ नंतर आल्या.

मी सुकेळी काढली. आत्याने आधी वास घेतला. मग सुरीने तुकडे केले आणि वाटले: आधी जोन, मग स्वतः, मग मार्था, मग बेथ, शेवटी मी. मार्था प्रमुख, तरी तिसऱ्या. मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "हाच तर आमचा नियम गो. जी आधी व्रत घेऊन आली ती आधी. शिकलेली-बिनशिकलेली बघायचं नाही. टेबलावर तसंच, बाकावर तसंच, मातीत तसंच."

दुपारी ती मला माती दाखवायला घेऊन गेली. शेडच्या मागे चढावर तीन थडगी, साधे लाकडी क्रूस, एका रांगेत. पहिलं ॲग्नेसचं, मग कॉर्नेलियाचं, मग पाचांतल्या आणखी एकीचं. पुढे गवत.

"ही माझी जागा," आत्याने काठीने दाखवलं. "मधली सोडून. ती जोनची."

मी म्हटलं, "आत्या, मी आज मोठ्या कॉन्व्हेंटात गेले होते. लाँड्री बघितली."

"मग कळलं तुला."

"तू शिकवतेस असं आम्हाला कोणी सांगितलं?"

"मला नर्सिंग शिकवतो म्हणून आणलं होतं. इथे आले तर टाकीपाशी उभी केली. फोटो गेला घरी, बाबांनी बघितला, मागे शाळा बघितली, गावात सांगून टाकलं. मी काय कळवू? तुमची फिलू चादरी धुते? चौथी झालेली मी. राहू दे म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "तुला उपयोग झाला ना त्या फोटोचा?"

मी हो म्हटलं. खरंच झाला होता.

मग तिने मला ॲग्नेसचं सांगितलं. पाटीवर नव्हतं ते. ॲग्नेस कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याची मुलगी, लाँड्रीत आत्याच्या समोर उभी राहायची. दोघी चादरीची दोन टोकं धरून घडी घालायच्या, आणि प्रत्येक घडीला ॲग्नेस एक इंग्रजी शब्द शिकवायची. एका हिवाळ्यात तिची छाती भरली. वर कोणी मोठे पाहुणे यायचे होते, चादरी संपवायच्या होत्या. डॉक्टरला बोलावलं तेव्हा उशीर झाला होता. तिला कुंपणाशी पुरलं. तिने व्रत घेतलं होतं वरच्या कितीतरी सिस्टरांच्या आधी.

"जेवताना बोलायचं नाही असा नियम," आत्या म्हणाली. "एकजण पुस्तक वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं. मी उभी राहिले. इंग्रजी कुठे येत होतं? व्हाय ॲग्नेस देअर, म्हटलं. व्हाय नॉट हिअर. वाचणारी गप्प झाली. मदर सुपीरियर म्हणाली, बस खाली. मी बसले नाही. मग कॉर्नेलिया उठली वरच्या टेबलावरून आणि येऊन आमच्या बाकावर बसली. मग मार्था. वीस-बावीसची पोर होती ती, नुकतीच पदवी घेऊन आलेली. शाळेत जोन होती, ती आली. रोज जेवायला त्या आमच्यात बसायच्या. सहा महिने वर कोणी त्यांच्याशी बोललं नाही. शेवटी म्हणाले, निघा. आम्ही म्हटलं, ॲग्नेसला दिलंत तर निघतो."

"दिलं?"

"बिशपने द्यायला लावलं. तिला घेऊन आलो कोंबड्यांच्या ट्रकमधून. मठाला आधी चर्च नव्हतं, छप्पर नव्हतं. आधी ही होती." तिने पहिल्या क्रूसावरची ओली पानं काढली. "कॉर्नेलिया चांगली बाई. प्रार्थनाही खूप करायची. पण हाक वगैरे नंतर लिहिलं लोकांनी."

वारा बोचत होता. मी तिची शाल सारखी केली आणि ज्यासाठी आले होते ते काढलं. पप्पांची खोली, दांडा, केळीची बाग. ती मध्येच म्हणाली, "उद्या मी पांढरा टाकणार आहे."

त्यांच्यात मत घेवड्याच्या दाण्यांनी देतात. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. झाकलेल्या भांड्यात टाकायचा, कोणाचा कुठला ते कळत नाही.

"दोनदा मीच काळा टाकला," ती म्हणाली. "आता पुरे. जोनला श्वास पुरत नाही, रात्री मार्था पडते. आणि ॲग्नेस तिकडे परत गेली तरी कुंपणाशी बाकीच्या आहेत ना. मेरी, टेरेसा, सगळ्या खाणीवाल्यांच्या पोरी. इतकी वर्षं त्यांच्यापासून एकटी राहिली. आता त्यांच्यात निजेल. मी येते पास्कूकडे."

माझं काम झालं होतं. मी काही न करता झालं होतं. मी तिचा हात धरून तिला खाली आणलं आणि पार्किंगचं काढलंच नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, उद्या जेवण माझ्याकडे. काहीतरी हातून करायला हवं होतं. फडताळावर काचेच्या बरणीत घेवडा दिसला, काळा आणि पांढरा एकत्र. दाणे थोडे होते, पण पाचजणींना रश्शापुरते पुरले असते. आमच्याकडचा मसाला मी सोबत आणला होता. धुऊन पातेल्यात भिजत घातले आणि निजले. थंडीमुळे झोप लागली नाही. निदान कारण मी तेच धरलं.

सकाळी मार्था बरणी घ्यायला आल्या आणि फडताळापुढे उभ्या राहिल्या. मी पातेल्यावरचं झाकण काढलं. पाणी शाईसारखं झालं होतं. काळ्यांचा रंग सुटून पांढऱ्यांना लागला होता, सगळे एकजात मळकट जांभळे. मताचे दाणे हेच, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

मार्थांनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या. "पहिल्या दिवसापासूनचे आहेत हे," त्या म्हणाल्या. "निवडणुका पुष्कळ बघितल्या, मतपेटी शिजवलेली पहिल्यांदा बघते."

आत्याने दाणा दातांखाली धरून बघितला. "गणंग आहेत गो सगळे," ती मला म्हणाली. न भिजणाऱ्या दाण्यांना आमच्याकडे गणंग म्हणतात. "रात्रभर भिजून दगडच. आणि एम.सी.ए. केलंयस ना तू?"

दुसरे दाणे आणायला गावात जावं लागलं असतं, आणि मोठ्या कॉन्व्हेंटात त्या दिवशीच उत्तर कळवायचं होतं. मार्था म्हणाल्या, तोंडाने सांगू. स्वयंपाकघरातच बसल्या, तिथे शेगडी होती. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाल्या, चहा ओत, थांब.

रांगेप्रमाणे आधी जोन. त्या दोन श्वासांच्या मध्ये म्हणाल्या, "हो. बंद करूया."

मग आत्या. दाणा असता तर तिने टाकला असता आणि झालं असतं. पण बोलायचं म्हटल्यावर माणूस बोलतो. ती जोनकडे बघून मान हलवायला लागली, आणि मध्येच माझ्याकडे वळली.

"तू काल तिकडे होतीस ना," तिने मराठीत विचारलं. "लाँड्रीमागे गवत कापतात का गो? आमच्या वेळी कोणी कापायचं नाही. मीच विळ्याने काढायची."

त्या खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो. कापतात म्हटलं असतं तर संपलं असतं. मला खोलीचा रंगसुद्धा दिसत होता, पप्पांनी निवडलेला फिकट हिरवा. चहाची किटली मी खाली ठेवली. आणि मी उत्तर इंग्रजीत दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"तिथे गवत नाही. तिथे आता पार्किंग आहे. दगड काढले. माणसं खालीच आहेत. मीही काल माझी गाडी तिथेच लावली."

जोनचं मशीन तेवढं घरघरत राहिलं. बेथना ऐकू आलं नव्हतं, त्या एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. मार्थांनी डोळे मिटले. त्यांना हे आधी ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

आत्याने दोन्ही वाकडे हात टेबलावर ठेवले.

"नो," ती म्हणाली. मग जोनकडे बघून, "सॉरी, जोन."

जोननी नळी जरा सारखी केली. "फिलोमिना," त्या म्हणाल्या, "तू नेहमी टेबलावरच का गं विचारतेस?"

मार्थांनी पुढे कोणाला विचारलंच नाही. एक नकार पुरेसा असतो. त्या उठून फोन करायला गेल्या. मी ते दाणे चाळणीत उपसले, आणि आत्याने ते शेगडीजवळ फडक्यावर वाळत घातले. टाकून दे म्हटलं तर ऐकेना.

निघताना तिने मला सुकेळीतलं एक परत दिलं, प्रवासात खायला. "रागावलीस?" मी विचारलं.

"तुझ्यावर कशाला? तू सांगितलं नसतंस आणि मला वसईत कळलं असतं, मग रागावले असते." मग म्हणाली, "पास्कूला नीट सांग. त्याने दांडा बसवलाय."

परतीच्या विमानात मी खिडकीपाशी बसले होते आणि खाली ढगांशिवाय काही नव्हतं. खरं बोलल्यावर बरं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. आत्याच्या जागी कोणी मला विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं, एवढं मला कळत होतं. पण जोनबाईंना उबदार खोली मिळणार होती, नर्स मिळणार होती, आणि ती माझ्या एका वाक्याने गेली हेही कळत होतं. या दोन गोष्टी मी अजून एकत्र ठेवू शकलेले नाही.

अर्विंगला पोहोचून पप्पांना फोन केला. तिकडे सकाळ होती, मागे विहिरीवरचा पंप चालू होता.

"येते का?"

"नाही, पप्पा."

का ते सांगितलं. मग लाँड्रीचंही सांगितलं, फोटोचंही. त्यांनी विचारलं, "हात कसे आहेत तिचे?"

"मिटत नाहीत पूर्ण."

"मोगरा तीच काढायची," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी. आमच्या सगळ्यांच्या आधी तिची टोपली भरायची." आणि पंप बंद करायला गेले.

फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही. बर्फात दोन दिवस वीज नव्हती, बॉयलर बंद होता. ऑक्सिजनचं मशीन गावातल्या लोकांनी जनरेटर आणेपर्यंत बॅटरीवर चाललं, पण जोन त्याच आठवड्यात गेल्या. जमीन इतकी गोठली होती की खणायला यंत्र मागवावं लागलं.

"आत्या, तुला काय वाटतं," मी विचारलं, "चुकलं का आपलं?"

तिच्याकडच्या शेगडीचा आवाज येत होता.

"तिच्या उशाशी बसले होते मी," ती म्हणाली. "विचारलं तिला. म्हणाली, मला थंडी वाजते, शाल दे. मी दिली." मग म्हणाली, "तिच्या जागेवर ठेवलं तिला. ॲग्नेस, कॉर्नेलिया, ती तिसरी, मग जोन. आता पुढची मी."

ओटीवरचा फोटो पप्पांनी काढला नाही. खालची खोली तशीच आहे, फिकट हिरवी. या वर्षीची सुकेळी त्यांनी त्या खोलीत ठेवली आहे, कोरडी राहते म्हणून. अर्धी माझ्याकडे येईल, आणि मी ती पेनसिल्व्हेनियाला पाठवीन. आत्याला सांगितलंय, तुकडे तीनच करायचे आहेत. ती म्हणाली, चार करणार. जोनचा ती अजून पहिला काढते.